जीआर ते पोर्टल: मधला अर्थ कोण ठरवतो?

साध्या भाषेत गरज सांगायची आणि संगणकाने त्यातून चालणारी आज्ञावली करून द्यायची, ही इच्छा जुनी आहे. १९५९ मध्ये कोबॉल या प्रोग्रामिंगच्या भाषेची आखणी सुरू झाली, तेव्हा संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या कामाचा आधार घेऊन व्यवहाराचे नियम इंग्रजीसारख्या वाक्यांत लिहिता यावेत आणि ते प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही वाचता यावेत, हाच त्यामागचा हेतू होता. १९८३ मध्ये रसेल ॲबट यांनी एक पद्धत मांडली. गरजेचे साधे वर्णन लिहा, त्यातल्या नामांवरून घटक, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे भाग, ठरवा आणि क्रियापदांवरून त्या घटकांची कामे ठरवा, अशी ती पद्धत होती, आणि सॉफ्टवेअर शिकणाऱ्या कित्येक तुकड्यांनी वर्गात बसून परिच्छेदातली नामे अधोरेखित केली. पुढचे काम मात्र माणसालाच करावे लागे. आता तसे राहिलेले नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून परिच्छेदभर मजकूर दिला की फॉर्म, डेटाबेसचे तक्ते, पडताळणीचे नियम आणि त्यांच्या चाचण्या, असे सगळे काही मिनिटांत समोर येते. मजकूर मराठीत दिला तरी येते.

एखाद्या किराणा दुकानदाराने उधारीची वही अशा रीतीने संगणकावर आणली, तर त्यात आनंदच आहे. त्यात काही चुकले तर तोच पाहील आणि तोच सुधारेल. परंतु आपल्याकडे शासनाच्या बहुतेक योजना आता पोर्टलवरून चालतात. योजनेची पात्रता शासन निर्णयात, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो त्यात, मराठीत लिहिलेली असते आणि त्या वाक्यांची अंमलबजावणी सॉफ्टवेअर करते. येत्या काळात जीआरचा मजकूर यंत्राला देऊन पोर्टल तयार करून घेण्याचा मोह विभागांना आणि त्यांच्या कंत्राटदारांनाही होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. माझे म्हणणे असे की, साध्या वाक्यापासून चालत्या घटकापर्यंत जाताना जे निर्णय घेतले जातात ते शासनाचे निर्णय असतात, आणि म्हणून ते जीआरइतकेच उघड, मराठीत लिहिलेले आणि कोणा जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचे असले पाहिजेत. यंत्र हे निर्णय अधिक वेगाने आणि न बोलता घेऊ लागल्यामुळे ही मागणी आता निकडीची झाली आहे.

हे निर्णय नेमके कोणते, ते मोघम बोलून कळणार नाही, म्हणून सर्वांना माहीत असलेले एक उदाहरण घेतो. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा पहिला शासन निर्णय २८ जून २०२४ चा. योजनेची गरज होती की नव्हती, ती निवडणुकीसाठी होती की नव्हती, हा वाद येथे मला घालायचा नाही. योजनेच्या अटी वाचल्या तर त्या अगदी साध्या आहेत. राज्यातील विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्त्या आणि निराधार महिला, तसेच कुटुंबातील केवळ एक अविवाहित महिला पात्र आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे. कुटुंबात ट्रॅक्टर सोडून चारचाकी वाहन नसावे. कुटुंबातले कोणी कायम सरकारी नोकरीत नसावे. यातले एकही वाक्य कोणाला कळणार नाही असे नाही.

आता यातल्या एकाच वाक्यापाशी थांबू या. 'कुटुंबातील केवळ एक अविवाहित महिला.' हे वाक्य यंत्राला दिले आणि पात्रता तपासणारा घटक लिहून मागितला, तर तो निमूटपणे लिहून मिळतो. त्या घटकाला एक कुटुंब क्रमांक द्यायचा, तो त्या कुटुंबातले आधीचे अर्ज पाहतो, एखाद्या अविवाहित महिलेचा अर्ज आधी मंजूर झाला असेल तर नवा नाकारतो. वरवर पाहता काम झाले. पण कुटुंब क्रमांक आला कोठून? महाराष्ट्रात कुटुंबाला असा सर्वमान्य क्रमांक नाही, म्हणून बहुधा शिधापत्रिकेचा क्रमांक घेतला जाईल. दोन बहिणींपैकी कोण पात्र? वाक्य काहीच सांगत नाही, म्हणून जिचा अर्ज आधी आला ती, असे ठरेल. पात्र ठरलेल्या बहिणीचे पुढे लग्न झाले, तर धाकटीचा नाकारलेला अर्ज आपोआप जिवंत होणार की तिने पुन्हा अर्ज करायचा? घटकात त्याची सोय नसेल तर तिला कोणी कळवणारही नाही. असे तीन निर्णय झाले, त्यांतला एकही वाक्यात नव्हता आणि एकही मंत्रालयात झाला नाही. त्यावर यंत्र स्वतःच चाचण्या लिहिते, आणि त्या चाचण्या त्याच गृहीतांवर उभ्या असल्यामुळे सगळ्या उत्तीर्ण होतात. हिरव्या खुणांची ती यादी पाहून प्रकल्प व्यवस्थापक निश्चिंत होतो.

यातला शिधापत्रिकेचा निर्णय सर्वांत महागात पडणारा आहे. योजनेच्या सुधारित अटींत कुटुंबाची व्याख्या पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले-मुली अशी दिलेली आहे. शिधापत्रिकेवरचे कुटुंब निराळे असते, कारण गावोगावी सासू-सासरे, दोन मुलगे आणि दोन सुना एकाच पत्रिकेवर असतात. जीआरच्या व्याख्येप्रमाणे त्या दोन जावा दोन वेगळ्या कुटुंबांतल्या, आणि शिधापत्रिकेवरून मोजले तर एकाच. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत, म्हणजे दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीत, कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अठरा वर्षांखालील मुले असे धरले होते. तेथे मुलाचे वय महत्त्वाचे, येथे मुलाचे लग्न महत्त्वाचे. सॉफ्टवेअरवाल्यांना एकदा लिहिलेला घटक पुन्हा वापरायला आवडतो, आणि एरवी ती चांगलीच सवय आहे, परंतु एका योजनेसाठी लिहिलेला 'कुटुंब' नावाचा घटक दुसऱ्या योजनेत उचलून ठेवला की अठरा वर्षांवरची अविवाहित मुलगी एका क्षणात कुटुंबाबाहेर जाते किंवा आत येते. तिला त्याचा पत्ता नसतो, आणि पोर्टल चालवणाऱ्यालाही नसतो.

पूर्वी ही अडचण नव्हती असे कोणी समजू नये. पूर्वीही जीआरमध्ये फटी असत आणि पूर्वीही त्या कोणीतरी बुजवत असे. फरक बुजवण्याच्या रीतीत आहे. कंत्राटदार कंपनीत एखादा ॲनालिस्ट असे, तो ही वाक्ये वाचून अडखळे आणि कक्ष अधिकाऱ्याला फोन करून विचारे की साहेब, दोन अविवाहित बहिणी असल्या तर कोणती धरायची. साहेब कधी उत्तर देत, कधी 'वरून विचारून सांगतो' म्हणत, कधी वैतागून 'तुम्हीच काय ते बघा' म्हणत. उत्तर कसेही आले तरी प्रश्न विचारला गेलेला असे, आणि एखाद्या ईमेलमध्ये किंवा बैठकीच्या इतिवृत्तात त्याची खूण राहत असे. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ मध्येच लिहून ठेवले आहे की, सॉफ्टवेअर तयार करण्यातला सर्वांत कठीण भाग काय तयार करायचे ते नेमके ठरवण्याचा असतो. कोड लिहिण्याचे कष्ट कमी झाले म्हणून हा भाग कमी होत नाही. झाले आहे इतकेच की, कोड लिहिताना माणूस अडखळायचा, त्या अडखळण्यातून प्रश्न बाहेर पडायचे, आणि यंत्र अडखळत नाही. त्याला जे सर्वसाधारण वाटते ते भरून ते पुढे जाते.

आणि जे सर्वसाधारण वाटते ते कोठले? ज्या मजकुरावर हे यंत्र शिकले त्यातला बहुतांश मजकूर इंग्रजी आणि परदेशी आहे. पहिले नाव, आडनाव, नवरा-बायको आणि मुले एका पत्त्यावर, बँकेचे एक खाते, स्वतःचा फोन, असा त्याच्या मनातला नागरिक. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलू शकते, मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते, आधारवर माहेरचे आणि शिधापत्रिकेवर सासरचे नाव राहते, आणि घरात मोबाइल असला तरी तो मुलाच्या खिशात असतो. ही विशेष परिस्थिती नाही, बहुसंख्य अर्जदारांची नेहमीची परिस्थिती आहे. लाडकी बहीण योजनेत नवविवाहितेचे नाव शिधापत्रिकेवर आलेले नसेल तर पतीची शिधापत्रिका ग्राह्य धरण्याची सोय मागाहून करावी लागली, ती याच कारणाने.

माहिती नसणे आणि अट पूर्ण नसणे यांतला भेद हा या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे असे मला वाटते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. १९८६ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या मारेक सर्गोट, रॉबर्ट कोवाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याचा मोठा भाग प्रोलॉग या भाषेत नियमांच्या रूपाने लिहून दाखवला. कायदा चालत्या कार्यक्रमात उतरवण्याचा तो गाजलेला प्रयोग. त्या कायद्यात एक कलम टाकून दिलेल्या नवजात अर्भकाविषयी आहे. असे मूल देशात सापडले तर, उलट काही सिद्ध होत नसेल तोवर, त्याचा जन्म देशातच आणि पात्र आई-बापांच्या पोटी झाला असे मानावे, असे ते कलम सांगते. साधे वाक्य आहे, पण यंत्राला ते शिकवताना घाम फुटतो. नोंद सापडत नाही म्हणजे ती गोष्ट खोटी, असे साधा कार्यक्रम धरून चालतो. येथे कायद्याने मुद्दाम उलटे सांगितले आहे की नोंद नाही म्हणून मुलाचे नुकसान करू नका, माहितीच्या अभावाचा फायदा त्याला द्या. माहिती नसेल तेव्हा कौल कोणाच्या बाजूने द्यायचा, हे त्या कायद्याने सांगून ठेवले होते. आपले जीआर बहुतेक वेळा ते सांगत नाहीत, आणि मग ते सॉफ्टवेअर सांगते.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थींना ई-केवायसी बंधनकारक झाली तेव्हा हेच दिसले. फॉर्ममध्ये महिलेचा आधार क्रमांक, त्यावर येणारा ओटीपी, आणि त्यानंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी, असा क्रम होता. या रचनेमागची गरज समजण्यासारखी आहे. कुटुंबाचे उत्पन्न तपासायचे तर कुटुंबातली दुसरी व्यक्ती कोण ते कळले पाहिजे. पण योजनेच्या पहिल्याच अटीत विधवा, घटस्फोटित, परित्यक्त्या आणि निराधार महिलांची नावे घेऊन त्यांना पात्र ठरवले आहे. ज्या बाईचा नवरा वारला आहे आणि वडीलही हयात नाहीत, तिने ओटीपी कोणाच्या फोनवरचा आणायचा? नवऱ्याने टाकून दिलेल्या बाईने त्याच्याच दारात जाऊन आकडे मागायचे काय? जीआरने जिला पहिल्या ओळीत बोलावले तिला फॉर्मच्या तिसऱ्या चौकटीने थांबवले. ओरड झाल्यावर मुदत वाढली आणि अशा महिलांनी मृत्यूचा दाखला, घटस्फोटाची कागदपत्रे किंवा न्यायालयाचा आदेश सादर करावा, अशी सोय करण्यात आली. सोय झाली हे चांगलेच. परंतु परित्यक्तेकडे बहुधा यांपैकी कोणताच कागद नसतो, कारण टाकून देण्याचा दाखला कोणी देत नाही.

त्याच फॉर्ममध्ये कुटुंबातले कोणी कायम सरकारी नोकरीत नाही, असे नकारार्थी विधान होते, आणि त्यापुढे होय किंवा नाही निवडायचे होते. घरात कोणी नोकरीत नाही हे सांगण्यासाठी 'होय' म्हणायचे की 'नाही', याचा अनेक महिलांचा गोंधळ झाला. मराठी बोलणारा माणूस 'तुमच्याकडे कोणी नोकरीला नाही ना?' या प्रश्नाला 'नाही' असेच उत्तर देतो आणि ते बरोबरच असते. अट जीआरमध्ये नकारार्थी होती, ती जशीच्या तशी फॉर्मवर चिकटवली गेली. गरजेचे वाक्य आणि वापरणाऱ्यापुढचे वाक्य एकच असू शकत नाही, एवढी समज अनुभवी माणसाला असते. गावातल्या एकाच अंगणवाडी सेविकेपुढे बसून हा फॉर्म पाच बायकांकडून भरून घेतला असता, तरी ही गोष्ट दुपारपर्यंत ध्यानात आली असती.

येथे कोणी म्हणेल की हे सगळे दोष माणसांनी केलेल्या पोर्टलचे आहेत, यंत्राला त्यासाठी का बोल लावता. आक्षेप रास्त आहे. मी यंत्राला बोल लावत नाही. उलट, नीट वापरले तर याच कामात त्याचा मोठा उपयोग आहे. जीआरचा मजकूर त्याला देऊन 'यातून पोर्टल तयार कर' असे म्हणण्याऐवजी 'यात काय काय सांगितलेले नाही त्याची यादी कर, आणि प्रत्येक फटीसाठी असा एक अर्जदार दाखव ज्याच्या बाबतीत दोन वाचने दोन वेगळे निकाल देतात' असे म्हटले, तर ते दोन बहिणींचा प्रश्न आणि विधवेच्या ओटीपीचा प्रश्न, दोन्ही पुढे करू शकते. फुकटात, न थकता, आणि कक्ष अधिकाऱ्याला घाबरल्याशिवाय. पण तसे विचारण्याची सक्ती कोणावर नाही. निविदेत पोर्टल अमुक तारखेला सुरू झाले पाहिजे असे लिहिलेले असते, प्रश्न किती विचारले त्याचे गुण नसतात. लाडकी बहीण योजनेच्याच अटी पहिल्या निर्णयानंतर आठवड्याभरात बदलल्या. वयाची मर्यादा साठवरून पासष्ट झाली, पाच एकर जमिनीची अट गेली, आणि हे होत असताना गावोगावी 'नारीशक्ती दूत' ॲपवर अर्ज भरणे चालू होते. अशा घाईत यंत्राचा वेग हाताशी असेल, तर तो विचारण्यासाठी वापरला जाईल की उरकण्यासाठी, याचा अंदाज आपण बांधू शकतो.

घाईचा आणि बचतीचा हिशेब कोठवर जाऊ शकतो त्याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. तेथे कल्याणकारी भत्ता पंधरवड्याच्या प्रत्यक्ष उत्पन्नावर ठरतो. २०१५ पासून सुरू झालेल्या आणि पुढे 'रोबोडेट' म्हणून ओळखल्या गेलेल्या व्यवस्थेत कर विभागाकडचे वर्षाचे उत्पन्न घेऊन ते सव्वीस पंधरवड्यांत सारखे वाटले जाई, आणि त्या सरासरीवरून तुम्ही अमुक काळात जास्त भत्ता घेतलात, परत करा, अशा नोटिसा निघत. वर्षातले सहा महिने काम मिळालेल्या आणि सहा महिने बेकार राहिलेल्या माणसाला सरासरीने बारा महिने कमावता केले. कायद्यातल्या 'पंधरवड्याचे उत्पन्न' या शब्दांच्या जागी हाताशी असलेला आकडा बसवला गेला, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे त्या माणसावर टाकले गेले. २०१९ मध्ये न्यायालयात ही पद्धत बेकायदा ठरली, २०२० मध्ये परतावे जाहीर झाले आणि २०२३ मध्ये शाही आयोगाने अतिशय कठोर अहवाल दिला. या प्रकरणात गुंतागुंतीचे यंत्र कोठेच नव्हते. एक भागाकार होता.

मग करावे काय? एक मार्ग फ्रान्सने चोखाळला आहे. तेथल्या इन्रिया या संशोधन संस्थेत 'कॅटाला' नावाची एक प्रोग्रामिंगची भाषा घडवली गेली, तीत कायद्याचे मूळ कलम आणि त्याचा कोड एकमेकांशेजारी लिहितात, आणि कायद्याचा जाणकार व प्रोग्रामर असे दोघे शेजारी बसून ओळीमागून ओळ उतरवत जातात. कर आकारणीसाठी हे मोलाचे आहे. पण आपल्या विभागांत उद्यापासून कोणी अशी भाषा शिकेल, असे मला वाटत नाही, आणि ज्या मजकुरावर सही करायची तो कक्ष अधिकाऱ्याला वाचता येत नसेल तर त्या सहीला अर्थ नाही. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७८ च्या सुमारास नैसर्गिक भाषेत प्रोग्राम लिहिण्याच्या कल्पनेची चांगलीच खिल्ली उडवली होती. चिन्हांची काटेकोर भाषा हे ओझे नसून ती सोय आहे, असा त्यांचा रोख होता. गणितापुरते ते मान्य. पण शासन आणि नागरिक यांच्यातला करार चिन्हांत लिहिता येत नाही, तो लोकांच्या भाषेतच लिहावा लागतो, आणि महाराष्ट्राने १९६४ च्या कायद्याने ती भाषा मराठी ठरवली आहे.

माझ्या मते व्यवहार्य मार्ग उदाहरणांचा आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात ही रीत पंधरा-वीस वर्षे रुळलेली आहे: अमुक परिस्थिती असताना, अमुक घडले, तर अमुक निकाल मिळाला पाहिजे, अशी तीन भागांची वाक्ये लिहायची, आणि तीच वाक्ये पुढे चाचण्या म्हणून चालवायची. प्रत्येक योजनेच्या जीआरसोबत परिशिष्ट म्हणून अशी उदाहरणे मराठीत प्रसिद्ध करणे विभागावर बंधनकारक करावे. 'सविता विधवा आहे, वडील हयात नाहीत, आधारशी स्वतःचा मोबाइल जोडलेला आहे. तिने ई-केवायसी केली. तर ती दुसऱ्या कोणाच्या ओटीपीशिवाय पूर्ण झाली पाहिजे.' 'दोन जावा एकाच शिधापत्रिकेवर आहेत, दोघींचे उत्पन्न मर्यादेत आहे. तर दोघी पात्र.' 'अर्जदाराने अर्जात एक खाते लिहिले, पण आधारशी दुसरे जुने खाते जोडलेले आहे. तर पैसे कोणत्या खात्यात जाणार हे मंजुरीआधी तिला कळले पाहिजे.' हे शेवटचे उदाहरण मी उगाच घेतले नाही. आधारवर आधारित थेट हस्तांतरणात रक्कम आधारशी सर्वांत अलीकडे जोडलेल्या खात्यात जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आणि पैसे आले पण दिसत नाहीत म्हणून कितीतरी बायका या बँकेतून त्या बँकेत हेलपाटे घालत होत्या.

अशी चाळीस-पन्नास उदाहरणे लिहायला कक्ष अधिकारी, एक ॲनालिस्ट आणि दोन अंगणवाडी सेविका एकत्र बसल्या तर दोन दिवस पुरेत. यंत्राने मसुदा करून दिला तर त्याहून लवकर. ती वाचायला सरपंचाला प्रोग्रामिंग यावे लागत नाही. ती वाचून एखादी संघटना म्हणू शकते की यात परित्यक्ता कोठेच नाही. आणि उद्या अटी बदलल्या तर कोणते उदाहरण बदलले ते बोट ठेवून दाखवता येते. एखादे उदाहरण जीआरशी विसंगत निघाले तर ते न्यायालयात मांडता येईल. आज पोर्टलच्या आतला नियम न्यायालयापुढे आणायचा तर आधी तो आहे हेच सिद्ध करावे लागते.

याच्या जोडीला दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे प्रत्येक पोर्टलवर 'मंजूर' आणि 'नामंजूर' यांच्या जोडीला 'माहिती अपुरी' असा तिसरा निकाल असावा, आणि त्या स्थितीत लाभ चालू राहणार की थांबणार ते जीआरने स्वतः सांगावे. नागरिकत्व कायद्याने त्या अनाथ अर्भकाच्या बाबतीत सांगितले, तसे. दुसरी म्हणजे नाकारलेल्या प्रत्येक अर्जाच्या निरोपात जीआरच्या कोणत्या अटीखाली आणि कोणत्या विभागाच्या कोणत्या नोंदीवरून नाकारले ते लिहिलेले असावे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्राधिकरणांवर आधीपासूनच टाकलेले आहे. 'आपला अर्ज निकषांत बसत नाही' हे कारण नव्हे. 'आपल्या पतीच्या नावे परिवहन विभागात चारचाकीची नोंद आहे' हे कारण. ते कळले तर बाई सांगू शकते की ती गाडी तीन वर्षांपूर्वी विकली, फक्त नाव बदलायचे राहिले, किंवा गाडी घेणारा त्याच नावाचा दुसराच कोणी आहे. वाहनाच्या नोंदीत मालक असतो, कुटुंब नसते. म्हणूनच चारचाकी असलेल्या लाभार्थींच्या पडताळणीसाठी याद्या घेऊन अंगणवाडी सेविकांना घरोघरी जावे लागले होते. एका साध्या वाक्यातली अट दोन डेटाबेस जोडून तपासता आली नाही, आणि शेवटी तिचा घटक म्हणून मानधनावर काम करणारी बाई उन्हातून फिरली. तिने केलेल्या कामाची किंमत कोणत्याही प्रकल्प अहवालात दिसत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, की नियम इतके उघड केले तर लोक त्यांना वळसा घालतील. पात्रतेच्या अटी जीआरमध्ये आधीच उघड आहेत. त्यांचा अर्थ उघड केल्याने फसवणूक वाढते असे मानायचे, तर जीआरही गुप्त ठेवावा लागेल. खोटी कागदपत्रे किंवा एका नावावर दुसऱ्याचे अर्ज पकडण्याच्या युक्त्या या निराळ्या गोष्टी, त्या विभागाने आपल्याजवळ ठेवाव्यात. दुसरा आक्षेप कंत्राटदारांचा असतो, की कोड ही आमची मालमत्ता आहे. कोड तुमचाच राहू द्या. 'दोन जावा दोन कुटुंबे' हे वाक्य कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही.

राहता राहिला सहीचा प्रश्न. आज जीआरच्या शेवटी उपसचिवाची किंवा अवर सचिवाची डिजिटल सही असते आणि त्याचा सांकेतांक असतो. पोर्टलमधल्या नियमांवर कोणाचीच सही नसते. उद्या यंत्राने घटक लिहिला आणि त्यात अविवाहित बहिणींपैकी आधी अर्ज करणारीला पसंती दिली, तर विभाग म्हणेल कंपनीने केले, कंपनी म्हणेल साधनाने केले, आणि साधन बनवणारे म्हणतील की आमच्या अटी वाचा, निकालाची खातरजमा वापरणाऱ्याने करायची असते. हे टाळायचे तर उदाहरणांचे परिशिष्ट ज्याच्या सहीने निघेल त्याच अधिकाऱ्याने, पोर्टल सुरू होण्यापूर्वी, ती सगळी उदाहरणे त्या पोर्टलवर चालवून दाखवली गेल्याची नोंद त्याच सांकेतांकाखाली प्रसिद्ध करावी. अटींत बदल झाला की नवी नोंद निघावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे मंडळ लागत नाही. सामान्य प्रशासन विभागाचे एक परिपत्रक पुरेल.